चित्रफितीतून स्थिरचित्र : संगणकाच्या पडद्यावरील चित्र स्पष्ट कसे टिपावे?

नागपूरच्या उत्तरेस, सातपुड्याच्या कुशीत, पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भातील मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले. छिंदवाडा जिल्ह्यातील हा मराठीभाषक भाग मात्र मध्य प्रदेशातच राहिला. ५ ऑक्टोबर २०२३ पासून त्याचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. ज्या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग शेजारी शेजारी छापले जातात, त्याच्या वाचकांना सीमेवरचे जीवन समजावून सांगण्याची गरज नाही. इकडे शेजार कन्नडचा आहे, तिकडे तो हिंदीचा आहे, एवढाच फरक.

या भागाची दूरवर ओळख आहे ती संत्र्यांमुळे आणि 'गोटमारी'मुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे नागपूरकडे मारबत आणि तान्हा पोळा असतो त्याच दिवशी, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या दोन्ही काठांवर माणसे जमतात. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर निशाण लावलेले असते. ते झाड हस्तगत करण्यासाठी दोन्ही बाजूंनी दगडफेक होते. दरवर्षी अनेक जण जखमी होतात. काही वर्षी माणसे दगावलीही आहेत. ही प्रथा चालू राहावी की थांबावी, याविषयी बराच वाद झालेला आहे. त्या वादात शिरण्याचा येथे हेतू नाही. परंतु बाजू कोणतीही घेतली तरी पुरावा लागतो, आणि आज तो पुरावा बहुतेक वेळा मोबाईलवर घेतलेल्या चित्रफितीच्या रूपात असतो.

लोकजीवनाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रबंधात, भित्तिपत्रकात किंवा अशा वार्षिकांकात चित्रफीत छापता येत नाही. त्याला तिच्यातील एक क्षण थांबवून त्याचे स्थिरचित्र घ्यावे लागते. मग हाती येणारे चित्र पुष्कळदा धूसर, ठोकळेदार आणि फिकट का असते? ते अधिक चांगले कसे घेता येईल? आणि 'चांगले' करता करता ते खोटे केव्हा होऊ लागते? या तीन प्रश्नांचा प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे.

आरंभीच एक सूत्र सांगून ठेवतो. विहिरीचे पाणी संत्र्याच्या बागेपर्यंत पाटाने नेताना ते वाटेत मुरते, झिरपते, फुटून जाते. शेवटच्या झाडापाशी उभे राहून ते वाढवता येत नाही. चित्राचेही तसेच आहे. कॅमेऱ्याने जे टिपले तेच मूळ धन होय. पुढच्या प्रत्येक पायरीवर त्यात घटच होते. म्हणून गुणवत्ता सुधारणे याचा खरा अर्थ, गळती कोठे होते हे ओळखून ती बंद करणे, असा आहे.

१. पडदा आणि चित्र यांतील भेद

संगणकावरील चित्र हे लहान लहान चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. त्यांना पिक्सेल म्हणतात. हल्लीच्या साधारण मोबाईलवर घेतलेल्या चित्रफितीच्या प्रत्येक चौकटीत आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. चित्रफीत म्हणजे अशा चौकटींची माळ. सेकंदाला २५ किंवा ३० चौकटी आपल्या डोळ्यांसमोरून सरकतात आणि आपल्याला हालचालीचा भास होतो.

आता समजा, ही चित्रफीत आपण महाविद्यालयातील एखाद्या जुन्या लॅपटॉपवर लावली. अशा अनेक लॅपटॉपांचा पडदा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा असतो, म्हणजे एकूण १०,४९,०८८ ठिपक्यांचा. चित्रफीत पूर्ण पडदाभर केली आणि कळफलकावरील 'प्रिंट स्क्रीन' ही कळ दाबली, तर संगणक चित्रफितीचे चित्र घेत नाही, पडद्याचे घेतो. वीस लाख ठिपक्यांचे चित्र दहा लाख ठिपक्यांत कोंबले गेले आणि निम्मा तपशील एका क्षणात नाहीसा झाला. चित्रफीत लहान खिडकीत चालू असेल तर नुकसान याहून मोठे. ६४० गुणिले ३६० च्या खिडकीत २,३०,४०० ठिपके, म्हणजे मूळ चौकटीचा केवळ नववा भाग मावतो. हे चित्र नंतर ताणून मोठे केले तरी गेलेला तपशील परत येत नाही.

याचा सोपा उपाय असा की पडद्याचे चित्र न घेता थेट फाईलमधील चौकट बाहेर काढावी. 'व्हीएलसी' या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ही सोय आहे. हा प्रोग्रॅम पॅरिसमधील एका शिक्षणसंस्थेतील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मला, हे आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यात चित्रफीत थांबवावी, 'ई' ही कळ दाबत एकेक चौकट पुढे जावे आणि हवी ती चौकट आली की 'व्हिडिओ' या यादीतील स्नॅपशॉट घेण्याची आज्ञा द्यावी. येणारे चित्र मूळ चौकटीच्या आकाराचे असते; पडदा लहान आहे की मोठा, याचा त्याच्याशी संबंध राहत नाही. ज्यांना आज्ञा टंकून काम करण्याची सवय आहे त्यांनी 'एफएफएमपेग' वापरावे. एका सेकंदाच्या पंचवीसही चौकटी त्याने स्वतंत्र चित्रे म्हणून बाहेर काढता येतात व मग त्यांतून निवड करता येते.

चित्रफीत इंटरनेटवरच पाहावयाची असेल, तर पडद्याचे चित्र घेण्यावाचून गत्यंतर नसते. अशा वेळी तीन गोष्टी पाळाव्यात. यूट्यूबसारख्या ठिकाणी जोडणी मंद असली की दर्जा आपोआप खाली येतो. म्हणून तो स्वतः वरचा निवडावा आणि तो दर्जा प्रत्यक्ष येईपर्यंत काही सेकंद थांबावे. उपलब्ध असेल त्यांतील सर्वांत मोठ्या पडद्याचा संगणक घ्यावा. आणि चित्रफीत थांबवल्यावर दिसणारी बटणे व पट्टी अदृश्य झाल्यानंतरच चित्र घ्यावे.

२. मूळ फाईल मिळवणे

दुसरी गळती याहून मोठी आहे, पण ती आपल्या संगणकावर होत नाही; फाईल आपल्यापर्यंत येण्याआधीच झालेली असते.

थोडे गणित करू. १९२० गुणिले १०८० च्या एका चौकटीतील प्रत्येक ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला ३० चौकटी धरल्या, तर एका सेकंदाच्या चित्रासाठी सुमारे १४९ कोटी बिट लागतील. इतके साठवणे मोबाईलला परवडत नाही. म्हणून तो चित्र दाबून, संक्षिप्त करून ठेवतो. समजा त्याने सेकंदाला १ कोटी ७० लाख बिट ठेवले, तर ८८ भागांतील एकच भाग शिल्लक राहिला. ही संक्षेपाची पद्धत इतकी कुशल आहे की चालत्या चित्रात आपल्याला फरक जाणवत नाही. परंतु तीच फाईल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ती पुन्हा दाबली जाते, बहुधा ठिपक्यांची संख्याही कमी होते. समजा आता सेकंदाला २० लाख बिट उरले. म्हणजे मूळ माहितीच्या साडेसातशे भागांतील जेमतेम एक भाग. तीच फीत पाच गटांतून फिरून आपल्याकडे आली, तर तिच्यातील चेहरे मेणासारखे गुळगुळीत आणि नदीचे पाणी राखाडी ठोकळ्यांसारखे दिसू लागते.

गोटमारीचे दृश्य या पद्धतीला विशेष जड जाते, याचे कारण समजून घ्यावे. संक्षेप करणारा प्रोग्रॅम लागोपाठच्या दोन चौकटींत जे सारखे आहे ते पुन्हा लिहीत नाही. व्याख्याता फळ्यासमोर उभा असेल तर फळा, भिंत, टेबल सारे स्थिर, लिहावयाचे थोडेच. परंतु वाहते पाणी, हलणारी पाने, हजारोंची गर्दी आणि उडणारे दगड यांत एकही चौकट मागच्या चौकटीसारखी नसते. लिहावयाचे पुष्कळ आणि जागा तेवढीच. परिणामी बारीक तपशील टाकून दिला जातो.

तेव्हा ज्याने चित्रण केले त्या माणसापर्यंत पोचावे आणि त्याच्या मोबाईलमधील किंवा कॅमेऱ्याच्या कार्डमधील मूळ फाईल मागावी. ती तारेने किंवा पेनड्राइव्हवर घ्यावी. व्हॉट्सॲपनेच पाठवावयाची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवण्यास सांगावे; तशी पाठवलेली फाईल पुन्हा दाबली जात नाही. एवढ्या एका विनंतीने जो लाभ होतो, तो नंतरच्या कोणत्याही प्रक्रियेने होत नाही.

३. कोणती चौकट निवडावी?

मूळ फाईल हाती आली, तिच्यातून थेट चौकट काढता येऊ लागली. तरी प्रत्येक चौकट सारखी चांगली नसते. याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण हालचालीचे. चौकट टिपताना कॅमेऱ्याचा पडदा काही काळ उघडा असतो. समजा फेकलेला दगड सेकंदाला २० मीटर वेगाने जात आहे आणि पडदा सेकंदाचा पन्नासावा भाग उघडा आहे. तेवढ्या वेळात दगड ४० सेंटिमीटर पुढे जातो. चित्रात तो दगड दिसत नाही, हातभर लांबीची रेघ दिसते. पडदा सेकंदाचा हजारावा भागच उघडा असता, तर दगड २ सेंटिमीटर सरकला असता आणि त्याचा आकार ओळखता आला असता. पोळा पावसाळ्यात येतो. आभाळ भरलेले असले की प्रकाश कमी पडतो आणि कॅमेरा आपण होऊन पडदा अधिक वेळ उघडा ठेवतो. म्हणून अशा दिवसाच्या फितींत रेघा अधिक दिसतात. ज्यांना स्वतः चित्रण करावयाचे आहे त्यांनी ही वेळ शक्य तेथे हाताने कमी करून ठेवावी. ज्यांना दुसऱ्याच्या फितीवर काम करावयाचे आहे त्यांनी हालचालीच्या टोकाचा क्षण शोधावा. हात मागे नेऊन माणूस फेकण्याच्या तयारीत असतो तेव्हा, किंवा फेकून झाल्यावर हात थांबतो तेव्हा, शरीर क्षणभर स्थिर असते. अशी चौकट स्पष्ट येते आणि कृतीचा अर्थही तीच अधिक नेमका सांगते.

दुसरे कारण संक्षेपाचे. संक्षिप्त चित्रफितीत काही चौकटी स्वयंपूर्ण असतात. त्यांच्यात सारे चित्र लिहिलेले असते. त्यांच्या मधल्या चौकटींत आधीच्या किंवा नंतरच्या चौकटीपेक्षा काय बदलले एवढेच नोंदलेले असते. स्वयंपूर्ण चौकटींना बहुधा अधिक जागा मिळते, त्यामुळे त्या सामान्यतः अधिक स्वच्छ असतात. सलग दहा-पंधरा चौकटी बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवल्या, तर हा फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. म्हणून पहिली थांबली ती चौकट कधीच घेऊ नये. हव्या असलेल्या क्षणाच्या आजूबाजूच्या सर्व चौकटी काढाव्यात आणि मग निवडावे.

४. जुन्या फिती आणि दातेरी कडा

आता सौसरकडे वळू. नागपूरहून सौसरमार्गे छिंदवाड्याला जाणारी ७६२ मिलिमीटर रुंदीची अरुंदमापी रेल्वे २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. ती गाडी आता रुळांवर पाहता येणार नाही. ती उरली आहे ती छायाचित्रांत आणि प्रवाशांनी व रेल्वेप्रेमींनी वेळोवेळी घेतलेल्या फितींत. घरोघरच्या लग्नांच्या, जत्रांच्या आणि सभांच्या फितींचीही तीच गोष्ट आहे. १९९० नंतरची दोन दशके अशा चित्रणासाठी प्रथम व्हीएचएस कॅसेट, मग व्हीसीडी आणि डीव्हीडी वापरात होत्या. या जुन्या सामग्रीतून चित्र काढताना एक वेगळीच अडचण येते.

भारतातील दूरचित्रवाणीची पद्धत पाल ही होती. तीत सेकंदाला २५ चौकटी असत, पण प्रत्येक चौकट दोन हप्त्यांत टिपली जाई. आधी एक सोडून एक अशा विषम ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर सम ओळी. जुन्या दूरचित्रवाणी संचावर हे दोन हप्ते बेमालूम मिसळत. संगणकावर मात्र दोन्ही एकाच चौकटीत एकदम दिसतात. गाडी चालत असेल तर विषम ओळींत ती एका जागी आणि सम ओळींत थोडी पुढे असते. त्यामुळे डब्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटतात. अनेक विद्यार्थी हा फितीचा बिघाड समजतात. तो बिघाड नाही. दोन वेगळ्या क्षणांची ती मिसळण आहे.

यावर उपाय म्हणजे ओळींचे हे गुंफण सोडवणे. व्हीएलसीमध्ये 'व्हिडिओ' या यादीत 'डीइंटरलेस' असा पर्याय आहे. तो चालू करून चित्र घ्यावे. चालत्या वस्तूच्या बाबतीत एकाच हप्त्याच्या ओळी ठेवून मधल्या ओळी अंदाजाने भरल्या जातात. त्यामुळे उभा तपशील कमी होतो, परंतु निवडीसाठी सेकंदाला पंचवीसऐवजी पन्नास क्षण उपलब्ध होतात. याउलट दृश्य स्थिर असेल, उदाहरणार्थ फलाटावरील गावाचे नाव, तर गुंफण सोडवू नये. दोन्ही हप्ते एकत्र ठेवल्यानेच अक्षरे पूर्ण दिसतात.

आणखी एक बारकावा असा. डीव्हीडीवरील चौकट ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांची असते, पण ते ठिपके चौरस नसतात. चौकट आहे तशी छापली तर चित्राचे प्रमाण बिघडते. जुन्या आकाराच्या पडद्यासाठी केलेल्या फितीचे चित्र ७६८ गुणिले ५७६ असे करून घ्यावे. व्हीसीडीची चौकट तर अवघी ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांची. तिच्यातून भित्तिपत्रकाएवढे चित्र मागणे व्यर्थ आहे. अंकाच्या पानावर दोन-तीन इंच रुंदीचे छापावे, म्हणजे ते व्यवस्थित दिसते. मूळ कॅसेट उपलब्ध असेल तर तिच्यावरून केलेल्या व्हीसीडीपेक्षा ती कॅसेटच नव्याने संगणकावर उतरवून घेणे श्रेयस्कर.

५. रंग

पळसाच्या झाडावरील लाल निशाणाची कड चित्रात फुटल्यासारखी, रंग बाहेर सांडल्यासारखी दिसते, असा अनुभव येतो. आपला डोळा उजेड-अंधाराचा फरक बारकाईने टिपतो, रंगांचा फरक तितक्या बारकाईने टिपत नाही. याचा फायदा घेऊन बहुतेक चित्रफितींत प्रत्येक ठिपक्याची उजळता स्वतंत्र ठेवतात, पण रंग चार ठिपक्यांना मिळून एकच ठेवतात. म्हणजे १९२० गुणिले १०८० च्या चौकटीत रंगाची माहिती केवळ ९६० गुणिले ५४० एवढीच असते. ही मर्यादा मूळ फाईलचीच आहे. निशाणाचा रंग गडद करीत गेल्यास ती अधिकच उठून दिसते. म्हणून रंग वाढवण्याचा मोह आवरावा.

चित्र अकारण फिकट किंवा अकारण काळवंडलेले येण्याचे कारण बहुधा निराळे असते. चित्रफितीत उजळता सहसा १६ ते २३५ या पट्ट्यात नोंदतात, तर संगणकाचे चित्र ० ते २५५ हा पट्टा वापरते. हे रूपांतर झाले नाही तर काळा रंग राखाडी होतो, आणि दोनदा झाले तर सावलीतील तपशील काळोखात बुडतो. एखाद्या प्रोग्रॅमने घेतलेले चित्र असे दिसले, तर तीच चौकट दुसऱ्या प्रोग्रॅमने काढून ताडून पाहावी.

६. जतन कसे करावे?

चौकट काढल्यावर ती कोणत्या स्वरूपात साठवावयाची? जेपेग हे स्वरूप लहान फाईल देते, पण ती देताना पुन्हा एकदा तपशील टाकते. उघडून, बदलून पुन्हा साठवताना दर वेळी थोडा थोडा टाकते. पीएनजी या स्वरूपात काहीही टाकले जात नाही. म्हणून मूळ प्रत पीएनजीमध्ये ठेवावी. ईमेलने पाठवण्यासाठी जेपेग लागली तर ती या प्रतीवरून शेवटी एकदाच करावी. आपले चित्र व्हॉट्सॲपवरून छापखान्यात पाठवणे म्हणजे इतका वेळ राखलेले पाणी शेवटच्या वळणावर फोडून देणे होय.

चित्रासोबत एक लहानशी नोंद ठेवावी. चित्रण कोणी केले, कोठे, कोणत्या वर्षी, फाईलचे मूळ नाव काय, चौकट कितव्या मिनिटा-सेकंदावरची, आणि तिच्यावर नंतर कोणते संस्कार केले. ही नोंद नसेल तर दहा वर्षांनी अत्यंत स्पष्ट चित्रदेखील अभ्यासाच्या दृष्टीने मुके ठरते.

७. सुधारणा आणि बनावट यांची सीमा

येथवर केवळ गळती थांबवण्याचा विचार झाला. हाती आलेल्या चित्रात खरोखर भर घालता येते काय? एका बाबतीत येते. कॅमेरा तिवईवर स्थिर असेल आणि दृश्यही स्थिर असेल, तर कमी प्रकाशामुळे येणारे दाणे प्रत्येक चौकटीत वेगवेगळ्या जागी पडतात. अशा अनेक चौकटींची सरासरी काढली की दाणे एकमेकांना मारतात आणि दृश्य तेवढे उरते. १६ चौकटींची सरासरी घेतली तर दाणेदारपणा साधारण चौथ्या हिश्शावर येतो. ही सुधारणा प्रामाणिक आहे, कारण तिची सामग्री कॅमेऱ्यानेच टिपलेली आहे.

कडा धारदार करण्याची सोय मात्र जपून वापरावी. तिने नवी माहिती येत नाही. कडेच्या दोन्ही बाजूंचा फरक वाढतो, एवढेच. अति केल्यास प्रत्येक वस्तूभोवती पांढरी प्रभा दिसू लागते.

सर्वांत सावध राहावे ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने चित्र 'स्पष्ट' करून देणाऱ्या साधनांबाबत. ही साधने लक्षावधी चित्रांवरून शिकलेली असतात आणि धूसर ठिपक्यांच्या जागी तेथे काय असण्याचा संभव आहे ते रेखाटतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी तयार केलेले 'पल्स' हे साधन २०२० साली चर्चेत आले, ते याच कारणाने. माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचे ठोकळेदार चित्र त्याला दिले असता त्याने एका गोऱ्या माणसाचा सुस्पष्ट चेहरा काढून दिला. तो चेहरा जगात कोणाचाच नव्हता.

आता हेच गोटमारीच्या चित्राला लावून पाहा. नदीच्या पलीकडच्या काठावरील माणसाचा चेहरा मूळ चौकटीत वीस ठिपक्यांचा आहे. साधनाने त्याला नाक, डोळे, मिशी दिली. चित्र हातोहात पसरले आणि कोणाला तरी त्यात ओळखीचा माणूस दिसला. ज्या दिवशी माणसे रक्तबंबाळ होतात त्या दिवशी 'दगड याने मारला' असे सांगणारे चित्र किती अनर्थ करील, हे सांगावयास नको. धूसर चित्र 'मला इतकेच दिसते' असे प्रामाणिकपणे सांगते. सजवलेले चित्र न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देते.

कायदाही या बाबतीत काटेकोर आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणाच्या आधारे न्यायालयात गेला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये असा निर्णय दिला की मूळ उपकरणाऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करावयाची असेल, तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमातही अशा प्रमाणपत्राची तरतूद असून, त्याच्या नमुन्यात फाईलचे हॅशमूल्य लिहावे लागते. हॅशमूल्य म्हणजे फाईलवरून गणिताने काढलेली खूण. फाईलमध्ये किंचितही बदल झाला की ती बदलते. म्हणून मूळ फाईलला कधीही हात लावू नये; प्रत करून प्रतीवर काम करावे.

८. पडद्याचेच चित्रण करावयाचे असल्यास

कधी कधी स्थिरचित्राऐवजी पडद्यावर चाललेल्या गोष्टीचीच चित्रफीत करावयाची असते. उदाहरणार्थ, सौसरच्या एखाद्या वृद्ध गृहस्थांशी संगणकावरून समोरासमोर बोलून त्यांच्या बोलीची नोंद घ्यावयाची आहे. यासाठी 'ओबीएस स्टुडिओ' हा मोफत प्रोग्रॅम सोयीचा आहे. येथेही सूत्र तेच. पडद्याचे ठिपके आणि चित्रणाचे ठिपके यांची संख्या एकच ठेवावी. आकार बदलला की अक्षरे पुसट होतात. सेकंदाला ३० चौकटी पुरेत. बिटांची संख्या ठरवून देण्यापेक्षा दर्जा ठरवून देण्याचा पर्याय घ्यावा, म्हणजे जड दृश्याला आपोआप अधिक जागा मिळते. फाईल एमकेव्ही स्वरूपात ठेवावी. मध्येच वीज गेली तर तोवरचे चित्रण बहुधा वाचते, साध्या एमपी-४ फाईलमध्ये ते सारेच वाया जाण्याची भीती असते. आणि चित्रणापूर्वी समोरच्या व्यक्तीची अनुमती घ्यावी, हे तर उघडच आहे.

समारोप

या लेखातील सारे थोडक्यात असे : मूळ फाईल मिळवावी, पडद्याऐवजी फाईलमधून चौकट काढावी, अनेक चौकटींतून निवड करावी, जुन्या फितींतील ओळींचे गुंफण ओळखावे, पीएनजीमध्ये जतन करावे, नोंद ठेवावी, आणि कॅमेऱ्याने न टिपलेले काहीही चित्रात घालू नये.

विद्यार्थ्यांनी एक प्रात्यक्षिक अवश्य करून पाहावे. आपल्या गावच्या यात्रेची किंवा श्रीकृष्ण पारिजाताच्या खेळाची एक मिनिटाची चित्रफीत घ्यावी. तिच्यातील एकच क्षण चार प्रकारे टिपावा : लहान खिडकीतून प्रिंट स्क्रीनने, पूर्ण पडद्यावरून प्रिंट स्क्रीनने, व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीतून, आणि मूळ फाईलमधून थेट. चारही चित्रे एकाच आकारात छापून वर्गातील फळ्यावर शेजारी शेजारी लावावीत आणि कोणते कसे घेतले हे न सांगता वर्गाला क्रम लावावयास सांगावे. मराठी विभागातील विद्यार्थ्यांनी केलेले चित्रण कन्नड विभागातील विद्यार्थ्यांनी तपासावे आणि त्यांचे यांनी. पुढील अंकासाठी चित्रे निवडताना संपादक मंडळालाही या प्रयोगाचा उपयोग होईल.